कलर मास्टरचं क्रिस्पी चिकन

पांडेसऱ्यात रविवारी सकाळी चिकनच्या दुकानापुढे उभं राहिलं की गिऱ्हाइकांच्या दोन जाती लगेच ओळखू येतात. पहिली जात म्हणते, "एक किलो, रश्शाचं," आणि मोबाइलमध्ये डोकं घालते. तुकडे केवढे करायचे, कलेजी टाकायची की नाही, मान ठेवायची की नाही, हे तिला सांगावं लागत नाही. दुकानदाराचा सुरा आपल्या मनानं चालतो. दुसरी जात आधी खाकरते, मागेपुढे बघते आणि मग हळूच म्हणते, "बोनलेस." रांगेतली डोकी वळतात. भाव ऐकून उरलेलीही वळतात. हाडं दुकानातच ठेवून यायची आणि त्याचे वर पैसे मोजायचे, हा व्यवहार धुळे-जळगाव-नंदुरबारहून सुरतेला पोट भरायला आलेल्या माणसाच्या हिशेबात कुठेच बसत नाही.

बोनलेस मागणारा बहुधा पुरुष असतो. त्या दिवशी त्याला सुट्टी असते. आदल्या रात्री त्यानं उशिरापर्यंत कुणाला तरी मोबाइलवर कढई उडवताना पाहिलेलं असतं. आणि घरी त्याची बायको "आज स्वयंपाक मी करणार" हे वाक्य ऐकून, आज आपलं काम दुप्पट झालं हे मुकाट्यानं समजून, लसूण सोलायला बसलेली असते.

रोजचा स्वयंपाक बायकांचा आणि चायनीज पुरुषांचं, ही वाटणी आमच्याकडे कधी झाली कोण जाणे, पण ती पक्की आहे. कळण्याच्या भाकरीला आमच्या गल्लीतला एकही पुरुष हात लावणार नाही. गावाकडे भंडाऱ्याला बट्टी पुरुषच भाजतात, डाळीचे हंडे उतरवतात, पण त्यात तोरा नसतो. घाम पुसायचा आणि पंगतीला बसायचं. तोरा आहे तो लारीवर. संध्याकाळी बमरोली रोडला किंवा तेरे नाम चोकडीकडे एक चक्कर मारा. लाल अक्षरांत 'चायनीज' लिहिलेली लारी, वर सॉसच्या बाटल्यांची रांग, खाली फर्रर्र करणारी भट्टी. मागे उभा असलेला पोरगा नेपाळचा असेल, बंगालचा असेल, गोरखपूरकडचा असेल. चीन सोडून कुठलाही. तो फडक्यानं कढई धरतो, मनगटाला झटका देतो, नूडल्स हवेत जातात, कढईत जाळ शिरतो आणि समोरच्या बाकड्यावर बसलेले मिलमधून सुटलेले कामगार दोन क्षण थकवा विसरून बघत राहतात. वरणाला फोडणी देणाऱ्या बाईकडे असं कुणी टक लावून बघितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. फोडणीतही जाळ असतो, पण तो कढईच्या खाली असतो.

हा वरचा जाळ आमच्या दादाच्या डोक्यात शिरला.

दादा पांडेसरा जीआयडीसीतल्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर आहे. हे काम काय असतं ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. सुरतेची साडी म्हणजे बहुतेक पॉलिएस्टर, आणि पॉलिएस्टर नुसत्या उकळत्या पाण्यात धड रंग धरत नाही. ते जेट मशीनमध्ये घालून, दाबाखाली, १३० अंशांपर्यंत तापवावं लागतं. तापमान किती वेळात चढवायचं, वर गेल्यावर किती वेळ धरायचं, कसं उतरवायचं, याचा हिशेब असतो. घाई केली तर कापडावर पट्टे उठतात. व्यापाऱ्यानं दिलेल्या चिंधीएवढ्या नमुन्याशी शेड जुळली नाही की सगळा लॉट गळ्यात. असल्या कामावर बारा तासांची पाळी काढणाऱ्या माणसाला हळूहळू जगातल्या प्रत्येक वस्तूत शेड आणि तापमान दिसायला लागतं. वहिनीच्या वरणाला तो एकदा "शेड लाइट गेली" म्हणाला होता. वहिनीनं दिलेलं उत्तर बरंच डार्क होतं.

तर दादाचं म्हणणं असं की चायनीज ही पाककला नाही, प्रोसेस आहे. माप, तापमान आणि वेळ सांभाळली की लॉट फेल जायचं कारण नाही. त्याचं म्हणणं तत्त्वतः बरोबरच आहे. फक्त एक फरक त्यानं धरला नव्हता. मिलमध्ये जेट चालू असताना कुणी येऊन "बघू बरं" म्हणत त्यातलं मीटरभर कापड तोडून खात नाही.

आमचं घर म्हणजे एक रो-हाउस. खाली स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन खोल्या. माणसं: नाना, माय, दादा-वहिनी, त्यांची दोन पोरं, मी, माझी बायको, आमचा धाकटा. नानांची उमर यंत्रमागावर गेली, त्यामुळे त्यांना जरा मोठ्यानं सांगावं लागतं. आणि त्यांना मोठ्यानं सांगायची सवय लागल्यामुळे आम्ही सगळेच एकमेकांशी ओरडून बोलतो. शेजारी ओडिशातल्या गंजामचं कुटुंब आहे. आमच्या घरात काय शिजतंय हे त्यांना वासाच्या आधी आवाजानं कळतं.

नाना बोनलेसच्या विरोधात होते, पण त्यांचा खरा विरोध वेळेला होता. त्याला इतिहास आहे. देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आणि तोही आमच्याच रुळांवर, नवापूरला. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. मधल्या बाकड्यावर जरा सरकून बसलं की राज्य बदलतं. कोंबड्यांच्या रोगाला तेवढं सरकणंही लागलं नाही. नवापूरच्या पोल्ट्री फार्मांतल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या, सीमेपलीकडे उच्छललाही तेच झालं, आणि उच्छल तेव्हा सुरत जिल्ह्यातच होतं. लोकांनी चिकनकडे पाठ फिरवली. मग सांगण्यात आलं की कोंबडी आतपर्यंत ७० अंशांवर शिजली की विषाणू मरतो, खुशाल खा. नानांनी त्यातलं एवढंच घेतलं की चिकन जितकं शिजेल तितकं चांगलं. २०२१ साली नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला, तेव्हा नानांच्या मतावर दुसऱ्यांदा शिक्कामोर्तब झालं. तेव्हापासून आमच्या घरात रस्सा इतका शिजतो की त्यातल्या विषाणूलाच काय, कोंबडीलाही आपण कोण होतो ते आठवत नसावं. अशा माणसाला दादानं सांगितलं, की हे चिकन पाच मिनिटांत होतं.

"पाच मिन्टांत चहा व्हस," नाना म्हणाले.

दादानं मिलमधून तापमान मोजायची बंदूक मागून आणली होती, ती तेलावर रोखून त्यांना आकडा दाखवला. तेल १७० अंशांवर आहे, तुकडा बोटाच्या पेराएवढा आहे, त्यात हाड नाही, उष्णता मधोमध पोचायला कितीसा वेळ लागणार! नानांनी बंदुकीकडे बघितलं. करोनाच्या काळात मार्केटच्या दारात हीच बंदूक त्यांच्या कपाळावर लावून त्यांना तीस अंश ताप सांगितला होता. त्यांचा तिच्यावर विश्वास नाही.

इथे रश्शाबद्दल चार शब्द बोलले पाहिजेत, कारण आमच्याकडे कुठल्याही पदार्थाची तुलना शेवटी त्याच्याशीच होते. खानदेशी काळा रस्सा: विस्तवावर भाजलेला कांदा, काळं होईस्तोवर भाजलेलं खोबरं, गावाहून आलेला मसाला, वर बोटभर तर्री. त्याची चव सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचा मोठा गुण चव नव्हे; तो थांबतो, हा आहे. पांडेसऱ्यातलं घर कधी एका वेळी जेवत नाही. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रातपाळी, तिसरा मार्केटमध्ये पार्सलं बांधून रात्री दहाला उगवणारा. रस्सा सगळ्यांची वाट बघतो. दर वेळी गरम केला की आणखी मुरतो. आयत्या वेळी पाव्हणा आला तर तांब्याभर पाणी आणि चिमूटभर मीठ. कुणाला पत्ताही लागत नाही. किलोभर चिकनमध्ये नऊ माणसं आणि एक पाव्हणा हे आमच्याकडचं सर्वसाधारण प्रमाण आहे.

आणि रश्शात प्रत्येक फोडीला पद असतं. माय पळी घेऊन पातेल्याजवळ बसते तेव्हा तो दरबार असतो. टंगडी पोरांना. कलेजी नानांना, मऊ म्हणून. छातीची फोड पाव्हण्याला, कारण ती मोठी दिसते. नळी दादाला, तो कमावता म्हणून. मान मला, मी त्याच्याहून कमी कमावतो म्हणून. बायकांच्या वाट्याला पाठ आणि पंख, आणि "मला रस्साच आवडतो" हे वाक्य. ही घटना कुठे लिहिलेली नाही, पण तिच्यात दुरुस्ती झाल्याचंही मला आठवत नाही.

बोनलेसनं ही सगळी व्यवस्था एका सकाळीत मोडीत काढली. सगळे तुकडे सारखे. कुठला कुणाचा हे ठरवायला खूणच नाही. वहिनीच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं. तिनं परातीतल्या त्या गुलाबी चौकोनांकडे नीट पाहिलं आणि त्या दिवशी, एरवी नवरा स्वयंपाकघरात आला की बाहेर जाणारी ती बाई, शेवटपर्यंत स्वयंपाकघरातून हलली नाही.

मोबाइलवरच्या रेसिपीत लिहिलं होतं, 'चार जणांसाठी, अर्धा किलो.' ही चार माणसं कोण असतात आणि कुठे राहतात, हे मला एकदा बघायचं आहे. दादानं त्रैराशिक मांडून सव्वा किलो आणलं. धुऊन, फडक्यानं कोरडं टिपून घेतलं, कारण ओल्या तुकड्याला पीठ धरत नाही. मग आलं-लसूण, सोया सॉस, थोडं व्हिनेगर, मिरपूड, एक अंडं, कॉर्नफ्लॉवर भरपूर आणि मैदा त्याच्या निम्म्याहून कमी. यात कॉर्नफ्लॉवर का, याचं उत्तर सोपं आहे: तो निव्वळ स्टार्च, मैद्यासारखा चिवटपणा त्यात नाही, म्हणून कवच पातळ आणि कडक होतं. मीठ घालताना दादा दोनदा थांबला, सोयामध्ये आधीच मीठ असतं म्हणून. ही अक्कल बऱ्याच लारीवाल्यांना नसते.

इकडे वहिनीनं दोन गड्डे लसूण बारीक चिरला. माझ्या बायकोनं शिमला मिरचीचे चौकोन पाडले. ते एकसारखे नाहीत म्हणून दादानं काही चौकोन नापास केले. पुतणीनं पातीचा कांदा कापला, हिरवा वेगळा, पांढरा वेगळा. मी सॉसच्या तीन बाटल्या आणून, त्यांची बुचं फोडून ठेवली. धाकट्यानं बुचं हरवली. मायनं भाकरीचं पीठ मळलं, कोणी न सांगता. तिला या सगळ्या कारखान्याचा शेवट कशात होतो याची अटकळ असावी. आणि दादानं स्वयंपाक केला.

पुतणीनं मध्येच विचारलं, "चीनमध्ये हे असंच खातात का?"

दादा तेलाकडे बघत होता म्हणून उत्तर माझ्यावर आलं. चीनचं आणि सुरतेचं देणंघेणं जुनं आहे. तनछोईचं रेशमी विणकाम सुरतेच्या तीन पारशी भावांनी एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये जाऊन शिकून आणलं, असं सांगतात. आज सुरतेच्या शेडमध्ये धडधडणारे कितीतरी वॉटरजेट माग चीनमधूनच आले आहेत. पण लारीवरचं चायनीज त्या वाटेनं आलं नाही. त्याचं मूळ कोलकात्यात. तिथे हाक्का चिनी लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले; टांगऱ्याला त्यांच्या चामड्याच्या टॅनरी होत्या आणि त्यांच्याच आसऱ्यानं खानावळी निघाल्या. त्या कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वँग नावाचे एक गृहस्थ मुंबईला आले. १९७५ साली, चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत असताना, गिऱ्हाइकानं काहीतरी नवीन मागितलं म्हणून त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घालून कॉर्नफ्लॉवरनं दाटपणा आणला. तेच चिकन मंचुरियन. मंचुरियात ते कुणाला माहीत नाही.

म्हणजे हा पदार्थ जन्मानं मुंबईकर. महाराष्ट्राच्या डोमिसाइलला १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. मंचुरियन कधीच पात्र झालं. आमचा दादा जन्मला सुरतेच्या सिव्हिल हॉस्पिटलात, शिकला महापालिकेच्या मराठी शाळेत, घरात बोलतो अहिराणी, मिलमध्ये हिंदी, दुकानात गुजराती. त्याला अजून डोमिसाइल मिळालेलं नाही. मराठी माणसाच्या आधी चिकन मराठी झालं, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही. सगळे परातीकडे बघत होते.

मायचा आक्षेप अजिनोमोटोला होता. त्यानं केस गळतात, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. बिचाऱ्या त्या पावडरीवर जगभर आळ आहे. १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी प्राध्यापकानं समुद्री शेवाळाच्या सारात ही चव हुडकून काढली. पुढे १९६८ साली अमेरिकेत एका डॉक्टरनं वैद्यकीय नियतकालिकाला पत्र धाडलं, की चिनी खानावळीत जेवल्यावर मानेला बधिरता येते, हे कशामुळे असेल? त्यानं दोन-चार संशयित सुचवले होते. पकडला गेला हाच. नंतरच्या चाचण्यांत आरोप नीट सिद्ध झाला नाही, आणि तोच ग्लुटामेट टोमॅटोत निसर्गतःच असतो. पण केस ही भावनिक बाब आहे. दादानं अजिनोमोटो वगळलं. त्याच्या डोक्यावर आता वगळण्यासारखं दुसरं काही उरलेलंही नाही.

तळण सुरू झालं आणि घराचं वागणं बदललं.

कुरकुरीतपणाची गोम अशी आहे. तुकडा तेलात पडला की पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं; ते सळसळणारे बुडबुडे म्हणजे तीच वाफ. बुडबुडे कमी झाले की कवच कोरडं झालं. पण तुकडा बाहेर काढून ठेवला की आतल्या मांसातला ओलावा हळूहळू कवचात येतो आणि ते मऊ पडतं. म्हणून दोनदा तळायचं. पहिल्यांदा १६०-१७० अंशांवर, आतून शिजेपर्यंत. मग जरा विसावा. मग १९० च्या आसपास, जेमतेम मिनिटभर. कवचात आलेलं पाणी उडून जातं आणि आतलं मांस कोरडं पडायला वेळच मिळत नाही. एका वेळी कढईत फार तुकडे टाकायचे नाहीत, नाहीतर तेल गार पडतं. दादाला हे सगळं मिलमुळे आपोआप समजलं. तो थोडे थोडे तुकडे सोडत होता, बंदूक रोखत होता, काढत होता, ताटात पसरत होता.

त्या विसाव्यात घात झाला.

पहिला आला पुतण्या. "पाणी पाहिजे." माठ ओट्याच्या उजवीकडे, ताट डावीकडे, तरी जाताना त्याचा गाल फुगलेला. मग पुतणी "बाबा, मीठ बघू?" मीठ बघायचं काम इतकं जबाबदारीचं की ते तिनं तीन तुकड्यांवर करून पाहिलं. धाकट्याला कडेवर घेऊन माझी बायको आली. त्याला एक, तो गरम आहे म्हणून फुंकर मारून अर्धा स्वतःला, उरलेला अर्धा लहान म्हणून आणखी एक. मी बाटल्यांची बुचं शोधायला गेलो. बुचं कुठे असू शकतील याचा विचार करताना तोंड चालू असलं की बरं पडतं. वहिनी तर आतच होती. तिनं किती खाल्ले हे देव जाणे, पण "मला रस्साच आवडतो" हे वाक्य त्या दिवशी घरात उच्चारलं गेलं नाही. वर्षानुवर्षं पाठ आणि पंख खाल्लेली बाई कवच दाताखाली फुटल्यावर डोळे मिटून उभी होती. ते बघून मायनं हात पुसले, उठून आली, एक तुकडा उचलला, उलटा करून पाहिला.

"हाई काय शे? हाडूकच नई तं चव कसानी?" असं म्हणून तिनं तो खाल्ला. चव कशाची ते नक्की कळेना म्हणून दुसरा घेतला. मग नानांना दोन नेऊन दिले, "कच्चं शे का बघा." नानांनी बारकाईनं बघितलं आणि निकाल राखून ठेवून आणखी पुरावा मागितला.

दादाला ताटातली घट दिसत होती. कापड धुतल्यावर, तापवल्यावर आक्रसतं, हे मिलवाला धरूनच चालतो. पण इतकं?

त्यानं ओरडायला सुरुवात केली. "अरे, हा फिनिश माल नाही! अजून फक्त पहिलं तळण झालंय! सॉस बाकी आहे!" लोक थांबेनात, कारण खरं सांगायचं तर त्या तुकड्यांना सॉसची गरजच नव्हती. भुकेल्या घरात स्टर फ्रायचा निम्मा भाग कधी सिद्धीस जात नाही. कढईत परतायची पाळी येईपर्यंत परतण्याजोगं काय उरतं, यावर सगळा खेळ.

दुसरं तळण झालं तेव्हा ताटात वाटीभर तुकडे होते. दादानं मन मोठं केलं. त्याला जाळ करून दाखवायचा होता, आणि तो त्यानं केलाच. लारीवरची भट्टी १९ किलोच्या सिलिंडरवर मोठ्या दाबानं पेटते, घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरवरची शेगडी तिच्यापुढे निरांजन. पण लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापू दिली, तेल फिरवलं, लसूण टाकला, मिरच्या टाकल्या, आणि फर्रकन एक जाळ वर आला, पार एक्झॉस्ट फॅनपर्यंत. पोरांनी शिट्ट्या मारल्या. गंजामची वहिनी खिडकीतून डोकावून "भाभी, सब ठीक है?" म्हणाली. दादाच्या चेहऱ्यावर लारीवाल्या पोराचं तेज आलं. त्यानं शिमला मिरची, पांढरा कांदा टाकून कढई उडवली. बऱ्याच मिरच्या परत कढईतच पडल्या. मग सोया, लाल मिरचीचा सॉस, व्हिनेगर, साखर, पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लॉवर. सॉस चकाकला. दादानं चमचा उजेडात धरून शेड पाहिली आणि समाधानानं मान हलवली.

हा सॉस त्यानं सव्वा किलोच्या मापानं केला होता. त्यात ते वाटीभर तुकडे गेले आणि दिसेनासे झाले.

एवढ्यात दारात चप्पल वाजली. मायचा भाचा. पॅसेंजरनं उधन्याला उतरून, रिक्षा करून, पाठीवर सॅक आणि हातात मसाल्याचा डबा घेऊन आला होता. सुरतेत काम बघायला. आमच्या गल्लीतला जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी असाच, जेवायच्या वेळेला, कुणाच्या तरी दारात येऊन उभा राहिलेला आहे. त्यामुळे वेळेबद्दल त्याला बोलण्याची सोय नाही. नानांनी तोंडातलं घाईनं गिळून "ये, ये" म्हटलं. मायनं पाण्याचा तांब्या पुढे केला. सवयीनं दुसरा तांब्या उचलून ती कढईकडे निघाली होती. दादा मध्ये आडवा आला.

"माय, यात पाणी नको! कुरकुरीतपणा जाईल!"

"कोनाना?" मायनं विचारलं, आणि पळीनं कढई ढवळून दाखवली.

दादानं पोराला पिटाळलं, लारीवरून दोन प्लेट ड्राय चिली घेऊन ये म्हणून. पोरगा निरोप घेऊन आला, की रविवार आहे, लारी संध्याकाळीच लागते. मग ताटं मांडली गेली. पुतणी वाढायला होती. पाव्हण्याला फोड मोठी द्यायची हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं पळी तळापर्यंत फिरवून शोधलं. आम्ही सगळे अगदी सभ्यपणे, कमी भूक असलेल्या माणसांसारखे बसलो होतो. भाच्यानं भाकरी मोडली, चमकदार लाल सॉसात बुडवली, मिरचीचा एक चौकोन उचलून खाल्ला. दुसरा खाल्ला. एक भाकरी संपली. त्याला खरोखर आवडलं होतं.

"भाजी भारी व्हयनी, मावशी," तो म्हणाला. "कसानी शे?"

दादानं तोंड उघडलं. पण माय त्याच्या आधी बोलली.

"शिमला मिरचीनी," असं म्हणून तिनं त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.